खवले, गोळी आणि आयुष्यभराचा हिशेब

जन्मतःच खवल्यांची कातडी घेऊन येणारी मुलं असतात. काहींच्या पोटऱ्या हिवाळ्यात तडतडतात, पांढरट पापुद्रे सुटतात आणि पाऊस सुरू झाला की पुन्हा बऱ्या दिसतात. काहींचं मात्र टाळूपासून तळव्यापर्यंत सगळं अंग जाड, तपकिरी थरांनी झाकलेलं असतं. पापण्या बाहेर ओढल्या जाऊन डोळे नीट मिटत नाहीत, कानात पापुद्रे साचून ऐकू कमी येतं, आणि घामाला बाहेर पडायला वाट नसल्यामुळे अकोला-चंद्रपूरकडच्या एप्रिलमध्ये पत्र्याच्या वर्गात पेपर लिहिणं अशा मुलाला झेपत नाही. या सगळ्या कुटुंबाला वैद्यकात इक्थिओसिस म्हणतात. एका आजाराचं हे नाव नाही. डझनावारी जनुकांतले वेगवेगळे बिघाड शेवटी कातडीवर साधारण सारखेच दिसतात, एवढंच. छाती-पाठीवर तेलकट, खाजरे, वास मारणारे खरबरीत पुळे येणारा डॅरियरचा आजारही आनुवंशिकच, आणि उपचारांच्या बाबतीत याच गटात मोडणारा. या सर्वांवर गेली ऐंशी वर्षं एकाच रसायनकुटुंबाचा प्रयोग चालू आहे : व्हिटॅमिन ए आणि त्याचे कृत्रिम भाऊबंद, म्हणजे रेटिनॉइड. ते द्यावेत की नाही यावर दोन प्रामाणिक मतं आहेत. ती मी दोन कल्पित माणसांच्या तोंडी घालतो. एक सर, त्वचारोग शिकवून निवृत्त झालेले आणि या औषधांचे पुरस्कर्ते. दुसरी त्यांची जुनी विद्यार्थिनी, आता बालरोगतज्ज्ञ, औषध लिहिताना हात आखडता घेणारी. माझा कौल कुठे पडतो ते लपवून ठेवणार नाही; मधे बोलायची मुभा घेतो.

सर : या औषधांना नावं ठेवणाऱ्यांनी आधीचा काळ काय होता ते बघावं. हातात होतं काय? व्हॅसलीन, खोबरेल, युरियाचं मलम आणि सॅलिसिलिक ॲसिड. त्यातलं शेवटचं लहान मुलाच्या अंगभर चोळलं तर कातडीतून रक्तात जाऊन विषबाधा करू शकतं, हे तुला मी सांगायला नको. १९६२ मध्ये जर्मनीत गुंटर श्ट्युटगेन यांनी व्हिटॅमिन ए ॲसिड वरून लावून पाहिलं. खवले सुटत होते, पण अंगभर लावायचं म्हटलं तर आग आग होणार. मग १९७६ मध्ये अमेरिकेत गॅरी पेक आणि फ्रँक योडर यांनी आयसोट्रेटिनॉइन पोटातून दिलं आणि लॅमेलर इक्थिओसिसच्या, म्हणजे अंगभर जाड थर चढणाऱ्या प्रकाराच्या, रुग्णांचे खवले उतरल्याचं ‘लॅन्सेट’मध्ये छापलं. आज कॉलेजातली पोरं मुरुमांसाठी घेतात तेच हे औषध. मुरुमांवरचा त्याचा गाजलेला लेख १९७९ चा, म्हणजे खवल्यांचे रुग्ण आधी आणि मुरुमं नंतर. जनुक बदलता येत नव्हतं, अजूनही दवाखान्यात बसून बदलता येत नाही. पण ज्या मुलाला हात मुठीत वळवता येत नव्हता त्याला पेन धरता यायला लागतं. याला उपचार म्हणायचं नाही, तर कशाला म्हणायचं?

डॉक्टर : सर, खवले उतरतात यावर माझा वादच नाही. ते का उतरतात, यावर आहे. कारण ‘का’चं उत्तर चुकलं की डोसाचंही चुकतं. १९४१ मध्ये न्यूयॉर्कच्या पेक (गॅरी नव्हेत, वेगळे), चार्गिन आणि सोबोत्का यांनी डॅरियरचा आजार हा व्हिटॅमिन एच्या अभावाचा आजार आहे असं शीर्षकातच लिहून टाकलं. त्यामागे तर्क होता. १९२५ मध्ये वोल्बाक आणि हाउ यांनी दाखवलं होतं की उंदरांच्या खाण्यातून व्हिटॅमिन ए काढलं की शरीरातली मऊ अस्तरं कडक, शिंगासारखी होतात. उपासमारीत माणसांची कातडी खरबरीत होते, हे श्रीलंका, चीन आणि पूर्व आफ्रिकेतून छापून येत होतं. मग खरबरीत कातडी दिसली की अभाव, हे समीकरण बसलं. रोज लाख-लाख युनिट दिली, काही रुग्ण सुधारले, आणि सुधारले म्हणजे अभावच होता असं ठरलं. पण १९९९ मध्ये डॅरियरचं जनुक सापडलं. ते निघालं पेशीतलं कॅल्शियम आत खेचणाऱ्या पंपाचं. व्हिटॅमिन एच्या पुरवठ्याशी त्याचा संबंध नाही. म्हणजे सुधारणा खरी होती, स्पष्टीकरण खोटं होतं. गरजेच्या कितीतरी पट दिलेलं व्हिटॅमिन तिथे अन्न म्हणून काम करत नव्हतं, औषध म्हणून करत होतं. आणि औषध म्हटलं की विषाची मात्राही आली.

इथे मला तिची बाजू घ्यायलाच हवी, कारण आकडे तिच्या बाजूने बोलतात. प्रौढ माणसाची व्हिटॅमिन एची रोजची गरज साधारण तीन हजार युनिट, आणि रोज दहा हजारांच्या वर जाऊ नये ही मान्य मर्यादा. आपल्या सरकारी कार्यक्रमात बाळाला नवव्या महिन्यात एक लाख युनिटचा डोस देतात आणि पुढे पाच वर्षांचं होईपर्यंत दर सहा महिन्यांनी दोन लाखांचा. अंगणवाडीत चमच्याने पाजलेलं ते पिवळट औषध सहा महिने पुरावं असा त्याचा हिशेब आहे. १९४० च्या दशकातला डॅरियरचा रुग्ण तेवढं दोन दिवसांत संपवत होता, आणि हे महिनोन् महिने. लिव्हर ते साठवून ठेवतं, पाण्यात विरघळणाऱ्या व्हिटॅमिनसारखं लघवीवाटे टाकून देत नाही. साठा फुटला की डोकं दुखतं, कवटीतला दाब वाढतो, हाडं दुखतात, केस गळतात, आणि गंमत म्हणजे कातडीही सोलते. १५९७ मध्ये नोव्हाया झेम्ल्या बेटावर अडकलेल्या डच खलाशांनी ध्रुवीय अस्वलाचं लिव्हर खाल्लं, तेव्हा त्यांच्यातल्या काहींची कातडी डोक्यापासून पायापर्यंत निघाली, अशी नोंद आहे. त्या लिव्हरमधला घातक पदार्थ व्हिटॅमिन एच, हे १९४० च्या दशकात सिद्ध झालं. ज्या दशकात दवाखान्यात लाख युनिट लिहिली जात होती, त्याच दशकात.

सर : अगं, म्हणूनच तर पुढे रेटिनॉइड आले! व्हिटॅमिनचा बेभरवशाचा साठा नको, नेमकं काम करणारा रेणू हवा, यासाठी बाझलमध्ये वेर्नर बोलाग यांनी आयुष्य घातलं. १९८७ मध्ये पिएर शांबों आणि रोनाल्ड एव्हान्स यांनी वेगवेगळे काम करून पेशीच्या केंद्रकातला रेटिनॉइक ॲसिडचा ग्राहक शोधला. तेव्हा कळलं की हा रेणू त्या ग्राहकाला चिकटतो आणि डीएनएवर बसलेल्या ग्राहकामार्फत जनुकांना चालू-बंद करतो. कातडीच्या पेशीने किती वेगाने वाढावं, केव्हा मरून खवला व्हावं, हे तो ठरवतो. तू ज्याला विषाची मात्रा म्हणतेस, ती आता आपल्याला मोजता येते. अॅसिट्रेटिन ही त्यातली गोळी शरीराच्या वजनाच्या दर किलोला अर्धा मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी. दर महिना-दोन महिन्यांनी लिव्हरची तपासणी आणि ट्रायग्लिसराइड्स. ओठ फुटतात, डोळे कोरडे पडतात, ते आपण सांगून ठेवतो. याहून अधिक काय करायचं?

डॉक्टर : सर, जनुकांना चालू-बंद करतो हे तुम्ही कौतुकाने सांगता, मला त्याचीच धास्ती वाटते. जो रेणू कातडीतली जनुकं हलवतो तो हाडातली आणि गर्भातली हलवायचं सोडणार आहे का? आणि कातडीपुरतं बोलायचं तरी एक अडचण आहे. लॅमेलर इक्थिओसिसच्या पुष्कळ रुग्णांमध्ये ट्रान्सग्लुटामिनेज-१ हे एन्झाइम नासलेलं असतं, हे १९९५ पासून माहीत आहे. त्या एन्झाइमचं काम वरच्या थराच्या पेशींभोवतीचं कवच शिवायचं. कवच नीट नाही, म्हणून शरीरातलं पाणी बाहेर झिरपतं. आणि ती गळती थांबवायला शरीर थरावर थर चढवतं. गळक्या छपरावर माणूस पत्र्यांचे तुकडे टाकत जातो, तसं. तुम्ही गोळी देऊन ते तुकडे काढून घेता. घर दिसायला नीटस होतं, गळती आहे तिथेच राहते. खवला हा आजार कमी आणि शरीराने केलेली डागडुजी जास्त आहे. ती उपटून काढायची तर खालची गळती आपल्याला मलमाने, पाण्याने, वाऱ्यापासून जपून सांभाळावीच लागते. रेटिनॉइड सुरू झालं की व्हॅसलीनचा डबा माळ्यावर जातो, तसं होता कामा नये. मला काळजी आहे ती त्याची.

सर : डागडुजी म्हणतेस, पण त्या डागडुजीने भेगा पडतात, भेगांतून रक्त येतं, जंतू शिरतात, पापण्या उलटतात आणि बुबुळावर व्रण पडतो. शरीराची प्रत्येक प्रतिक्रिया शहाणी नसते, हे तुला दम्याच्या मुलांत रोज दिसत असेल. आता मला हार्लेक्विन प्रकाराचं उत्तर दे. एबीसीए-१२ हे जनुक दोन्ही बाजूंनी बिघडलेलं, बाळ जन्मतं तेच चिलखतासारख्या तड्यांच्या कातडीत. २०१६ च्या जूनमध्ये नागपुरात असं बाळ जन्मलं, देशभर बातम्या झाल्या, दोन दिवसांत गेलं. पूर्वी ही बाळं जवळपास सगळीच जायची. २०११ मध्ये जगभरातल्या ४५ बाळांचा एकत्रित अभ्यास छापला गेला. २५ जगली होती. रेटिनॉइड मिळालेल्यांपैकी ८३ टक्के जगली, न मिळालेल्यांपैकी ७६ टक्के गेली. एवढा फरक तुझ्या कुठल्या अँटिबायोटिकने दाखवलाय?

डॉक्टर : आकडे बरोबर आहेत. २४ पैकी २० आणि २१ पैकी पाच. पण सर, रेटिनॉइड मिळायला बाळाला आधी काही दिवस जगावं लागतं. औषध मागवायचं, डोस ठरवायचा, नळीतून द्यायचं, याला वेळ जातो. पहिल्या दोन दिवसांत गेलेलं बाळ आपोआप ‘न मिळालेल्यांत’ मोजलं जातं. शिवाय जिथे औषध मिळतं तिथे चांगलं एनआयसीयू असतं, दमट इन्क्युबेटर असतो, नेत्रतज्ज्ञ असतो, बोटांना आवळणारे कातडीचे पट्टे कापायला सर्जन असतो. त्यातलं किती गोळीने वाचवलं आणि किती परिचारिकेने, हे त्या आकड्यांतून वेगळं काढता येत नाही.

सर : आणि ते वेगळं काढायला तू चिठ्ठ्या टाकून निम्म्या बाळांना औषध नाकारणार आहेस का?

डॉक्टर : नाही. हार्लेक्विन बाळाला मी पहिल्याच दिवशी सुरू करीन. पुरावा कच्चा आहे म्हणून नाकारायची चैन तिथे नाही. माझं म्हणणं एवढंच की तिथला आकडा उचलून पोटरीवर पांढरे पापुद्रे असलेल्या आठवीतल्या मुलासाठी वापरायचा नाही.

या वादातला सगळ्यात मोलाचा कबुलीजबाब मला हाच वाटतो, आणि तो दोघांकडूनही येतो. औषध एकच असलं तरी निकष एक नाही. ज्याला सर्वसाधारण इक्थिओसिस म्हणतात, ज्यात हाताच्या तळव्यावरच्या रेषा खोल आणि दाट असतात, हिवाळ्यात देशावर वाढतं आणि दमट हवेत निवळतं, त्याचं मूळ फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनात आहे, हे २००६ मध्ये डंडीतल्या संशोधकांनी दाखवलं. फिलॅग्रिन तुटून जे पदार्थ होतात ते वरच्या थरात ओल धरून ठेवतात. हा प्रकार कित्येक शेकड्यांत एकाला असतो, म्हणजे आपल्या ओळखीच्या कुणाला तरी असेलच. त्यात अंघोळीनंतर तीन मिनिटांच्या आत, अंग ओलसर असताना लावलेलं युरिया किंवा लॅक्टिक ॲसिडचं क्रीम नेमकं हरवलेलं तेच परत देतं. तिथे पोटातली रेटिनॉइड गोळी म्हणजे उगाच ओढवून घेतलेली जोखीम. व्हिटॅमिन एच्या कॅप्सूल तर त्याहून निरर्थक. व्हिटॅमिन आहे, त्याने काय बिघडतंय, असं म्हणत त्या दुकानातून आणून महिनोन् महिने खाल्ल्या जातात. बिघडतं ते सावकाश, आणि लिव्हरमध्ये.

कोणता प्रकार आहे हे ओळखायला दर वेळी महागडी जनुक तपासणी लागते, असंही नाही. मुलगा असेल आणि खवले काळपट असतील तर आईला विचारायचं, ‘तुमच्या भावाला होतं का?’ एक्स गुणसूत्रावरून उतरणारा प्रकार मामा-भाच्यांत दिसतो आणि सुमारे सहा हजार मुलग्यांत एकाला होतो. त्यात स्टेरॉइड सल्फटेज हे एन्झाइम नसतं. आई-वडील निरोगी आणि बाळ जन्मतःच प्लास्टिकच्या कागदासारख्या चकचकीत पडद्यात असेल तर दोघांच्या नात्याची चौकशी करायची, कारण मामेबहिणीशी लग्नाची चाल ज्या घरांत आहे तिथे दोन्हीकडून तेच बिघडलेलं जनुक येण्याची शक्यता वाढते. बाळ लालबुंद असेल आणि केस विरळ, तुटके असतील तर भुवईचा एक केस उपटून साध्या मायक्रोस्कोपखाली ठेवायचा. केसात केस खुपसून गाठ झालेली दिसली की नेदरटन सिंड्रोम. या शेवटच्या प्रकारात रेटिनॉइड बहुतेकदा त्रासच वाढवतात. काही रुपयांच्या काचपट्टीवर हे कळत असताना आधी गोळी सुरू करून मग बघू, ही पद्धत मला मान्य नाही.

सर : त्यालाही माझी हरकत नाही. निदान आधी, गोळी नंतर. पण निदान झाल्यावर हात आखडू नका. केराटिनच्या बिघाडाने फोड येणारा जो प्रकार आहे, त्यात मात्र मीही जपून असतो. थर पातळ झाला की फोड वाढतात, म्हणून डोस अगदी थोडा. तिथेही केराटिन-१० बिघडलेल्यांना गोळी मानवते आणि केराटिन-१ वाल्यांना सहसा मानवत नाही, असं स्वीडनकडच्या अभ्यासात दिसलंय. म्हणजे जनुक कळलं तर डोस शहाणा होतो. पुढे जाऊन रेटिनॉइड बाहेरून न देता शरीराचंच रेटिनॉइक ॲसिड मोडू द्यायचं नाही, अशी लियारोझोलसारखी औषधंही आली.

डॉक्टर : आली, पण २०१४ मध्ये छापलेल्या चाचणीत लियारोझोलला ठरवलेलं मुख्य उद्दिष्ट गाठता आलं नाही. ते राहू दे. माझा खरा मुद्दा हाडांचा. १९८२ मध्ये एका मुलाचा अहवाल आला : आयसोट्रेटिनॉइन चालू असताना हाडांच्या टोकांची वाढीची चकती वेळेआधी मिटली. त्या मुलाला कसला आजार होता? खवल्यांचाच. १९८३ मध्ये पिट्सली आणि योडर यांनी हाडांवर वाढलेल्या काटेरी उंचवट्यांचा अहवाल दिला, तो कुणाचा? दीर्घकाळ आयसोट्रेटिनॉइन घेतलेल्या इक्थिओसिसच्या रुग्णांचा. मुरुमांचा मुलगा पाच-सहा महिने घेतो आणि सुटतो. आमचं मूल चौथ्या वर्षी सुरू करतं आणि चाळिशीतही घेत असतं. एकाच गोळीचे हे दोन वेगळे जन्म आहेत. सुरक्षित आहे असं मुरुमांच्या अनुभवावरून सांगणं म्हणजे सहा महिन्यांच्या भाड्यावरून घराची किंमत ठरवणं.

सर : योडरचं नाव घेतलंस ते बरं केलंस. १९७६ चा पहिला गुणगान करणारा लेख त्याचा आणि सात वर्षांनी हा गंभीर इशाराही त्याचाच. विज्ञानाने असंच वागायला हवं. पण डोस विसरू नकोस. त्या रुग्णांना दर किलोला दोन मिलिग्रॅम आणि त्याहून जास्त दिलं जात होतं. आपण त्याच्या चौथाईवर आहोत.

डॉक्टर : चौथाईवर, पण चौपट वर्षं. कमी डोस चाळीस वर्षं घेतला तर काय होतं याचा तुमच्याकडे चाळीस वर्षांचा पुरावा आहे का? रोजचा मिलिग्रॅम मोजून भागत नाही. एकूण आयुष्यात किती गेलं ते मोजायला हवं. म्हणून मी म्हणते, सुरू करतानाच थांबवून पाहण्याचं वेळापत्रक हवं. खवले उतरले, दमट महिने आले, परीक्षा संपली, की डोस खाली आणून पाहायचा. काही आठवड्यांनी थर परत येतील, तेव्हा पुन्हा किती लागतो ते बघायचं. मुलाची उंची दर सहा महिन्यांनी भिंतीला लावून मोजायची. पाठ, गुडघा दुखायला लागला की वाढत्या वयाचं दुखणं म्हणून सोडून न देता एक्स-रे काढायचा. यात तुमचं औषध मी नाकारत नाही. त्याची खातेवही ठेवायला सांगते.

सरांनी यावर उत्तर दिलं असतं तर ते कदाचित असं : सतत बंद-चालू करत राहिलं तर मूल प्रत्येक वेळी पुन्हा त्याच भेगांत जातं, आणि चार-सहा आठवडे ते वर्गात मागच्या बाकावर बसतं. हा आक्षेप हलका नाही. लॅमेलर इक्थिओसिसच्या काही मुलांत थर उतरल्यावर उष्णता सोसण्याची ताकद वाढते; विदर्भातल्या उन्हाळ्यात ऐन एप्रिल-मे महिन्यांत गोळी बंद करणं अशांना परवडणार नाही. म्हणून बंद करून पाहायचा महिना पुस्तकातून ठरत नाही, मुलाच्या गावाच्या हवेवरून आणि शाळेच्या वेळापत्रकावरून ठरतो. तरीही थांबवून पाहण्याचा विचारच न करता वर्षानुवर्षं तीच चिठ्ठी पुढे लिहीत राहणं, याचं समर्थन सरांनाही करता येणार नाही.

मुलींचा प्रश्न तर याहून कठोर. १९८२ मध्ये अमेरिकेत आयसोट्रेटिनॉइनला मुरुमांसाठी परवानगी मिळाली आणि वर्षभरातच जन्मदोषांचे अहवाल येऊ लागले : कान नसलेली, हृदयाची रचना बिघडलेली, मेंदूची वाढ खुंटलेली बाळं. १९८५ पर्यंत चित्र स्पष्ट झालं होतं. एट्रेटिनेट हे त्याचं भावंड तर चरबीत इतकं मुरतं की त्याचं निम्मं प्रमाण उतरायला सुमारे चार महिने लागतात. अमेरिकेतून ते १९९८ मध्ये गेलं. त्याच्या जागी आलेलं अॅसिट्रेटिन दोन-तीन दिवसांत निम्म्यावर येतं, आणि म्हणून ते सुरक्षित असा समज झाला. पण पोटात अल्कोहोल असेल तर शरीर अॅसिट्रेटिनचं पुन्हा एट्रेटिनेट करतं. म्हणून अॅसिट्रेटिन थांबवल्यावरही तीन वर्षं गर्भधारणा टाळायची असते. तेवढाच काळ रक्तदानही करायचं नसतं, कारण ते रक्त गरोदर बाईला चढू शकतं. आपल्याकडे डॉक्टर दारूबद्दल विचारतात आणि मुलगी ‘छे!’ म्हणते, विषय संपतो. पण पाळीच्या तक्रारींसाठी घरात अशोकारिष्टाची बाटली असते. आसवं आणि अरिष्टं आंबवूनच करतात, त्यात अल्कोहोल तयार झालेलं असतं. दोन चमचे सकाळ-संध्याकाळ, तेही औषध म्हणून, घरातल्या मोठ्यांच्याच हातून. हे कुणी विचारतं का? खवल्यांच्या मुलीला पोटातून रेटिनॉइड द्यायचंच असेल तर पाळी सुरू झाल्यावर, महिन्याभरात शरीराबाहेर जाणारं आयसोट्रेटिनॉइन निवडणं शहाणपणाचं. आणि हे बोलणं तिच्या आईशी नाही, तिच्याशी समोर बसून व्हायला हवं. लग्न ठरलं की मग सांगू, असं म्हणून चालत नाही; ही तीन वर्षांची गणितं त्या वेळी जमत नाहीत.

सर : तू व्हिटॅमिनवर एवढी तुटून पडतेस, पण दिल्लीच्या एम्सचं काय? २०१६ मध्ये त्यांनी जन्मजात इक्थिओसिसच्या सात मुलांना रोज साठ हजार युनिट व्हिटॅमिन डी दहा दिवस दिलं. पाचव्या दिवसापासून कातडी मऊ होऊ लागली. हा काही तुझा जनुकांना चालू-बंद करणारा भयंकर रेणू नव्हता. दुधात घालून घ्यायचा साठ हजाराचा सॅशे होता.

डॉक्टर : ते काम मला फार आवडतं, आणि ते माझ्याच बाजूचं आहे. ती मुलं खरोखरच अभावग्रस्त होती. कातडी जाड, ऊन सोसत नाही म्हणून घरातच, काहींची हाडं मुडदुसाने वाकलेली. तिथे अभाव होता आणि तो भरून काढला. १९४१ मध्ये अभाव मानला होता, इथे मोजला होता. फरक तोच. सात मुलं फार थोडी, शेजारी तुलनेचा गट नाही, त्यामुळे खवल्यांवरचा परिणाम किती टिकाऊ ते मी आत्ताच सांगणार नाही. पण प्रत्येक खवल्यांच्या मुलाची व्हिटॅमिन डीची पातळी तपासावी, एवढं मी त्यावरून नक्की शिकले. न तपासता महिनाभर रोज सॅशे चालू ठेवला तर रक्तातलं कॅल्शियम चढतं, आणि मग किडनी बोलायला लागते. तेव्हा व्हिटॅमिनचं व्हिटॅमिन म्हणून काम आहे तिथे ते द्या. औषध म्हणून वापरायचं असेल तर औषधाचे सगळे नियम लावा.

कौल द्यायचा झाला तर माझा असा : हार्लेक्विन बाळाला, तीव्र लॅमेलर प्रकाराला, अंगभर पसरलेल्या डॅरियरला रेटिनॉइड नाकारणारा डॉक्टर सावध नव्हे, चुकलेला आहे. तिथे सर बरोबर. पण त्याच सरांच्या उत्साहात हिशेब दर भेटीचा आहे आणि आजार जन्मभराचा. हा विसंवाद मिटवायचं काम रेणूने होत नाही, कागदावर होतं. पुराव्याचा रोख मला त्या विद्यार्थिनीकडे वळलेला दिसतो, कारण या औषधाने हाडांचं काय केलं हे जगाला कळलं ते खवल्यांच्याच रुग्णांच्या अंगावरून. त्यांच्यासाठी तरी हा धडा पुस्तकातला न राहता चिठ्ठीवर यायला हवा. महागड्या औषधाच्या नावावर फुकटचं मलम विसरणं आणि व्हिटॅमिन आहे म्हणून कॅप्सूल खात राहणं, या दोन्ही गोष्टी सारख्याच चुकीच्या.

घरात असं मूल असेल तर पुढच्या भेटीत प्रकाराचं नाव लिहून मागा, आणि गोळी सुरू करायची तारीख जिथे लिहिली आहे तिच्याच खाली ती कमी करून पाहण्याची तारीखही डॉक्टरांकडून लिहून घ्या.